पोचला म्हणून समजा

मधल्या चौकीचा गहिनीनाथ हे निरोपांचं चालतंबोलतं गाठोडं होतं. धरणावरून निघालेली टेलिफोनची तार कालव्याच्या कडेनं खांबाखांबावरून त्याच्या चौकीपर्यंत यायची आणि तिथं संपायची. तिथूनच दुसरी तार सुरू व्हायची, ती खाली सहादेवाच्या चौकीपर्यंत, कालवा जिथं नदीला भेटतो तिथवर. दोन्ही तारा एकमेकींना जोडून पाहिल्या होत्या, पण आवाज इतका बारीक व्हायचा की आडात उतरून कुणी कुजबुजतंय असं वाटायचं. म्हणून खात्यानं मध्ये माणूस बसवला. वरच्यानं सांगायचं, गहिनीनाथानं ऐकायचं, मग दुसऱ्या टेलिफोनचं हँडल फिरवून खालच्याला सांगायचं. काम एवढंच.

देवानं गहिनीनाथाला ना उंची दिली होती ना रूप, पण डोकं मात्र भरघोस दिलं होतं. एकदा कानात पडलेलं बाहेर म्हणून पडत नसे. वरच्या तारेवर धरण एकटंच नव्हतं. साखर कारखान्याची पाण्याची कचेरी होती, देवळाली प्रवरेच्या बाजूचा पाटकऱ्यांचा नाका होता, बंगल्यावर उतरलेला कुणी ना कुणी साहेब होता. सगळे एकाच तारेला लोंबकळलेले, आणि प्रत्येकाला वाटायचं की तार आपल्या एकट्याची आहे आणि गहिनीनाथ आपल्यासाठीच जन्माला आलाय. तोही कुणाचा भ्रम मोडत नसे. कारखान्याचा निरोप डोक्याच्या एका कोपऱ्यात, पाटकऱ्यांचा दुसऱ्या कोपऱ्यात, धरणाचा सगळ्यांच्या पुढं, असं लावून ठेवायचा आणि एकेक करून खाली सोडायचा. कधी काना-मात्रेची चूक नाही.

आता यात खात्याची एक रीत होती, आणि ती शहाण्या माणसानं घालून दिलेली होती. निरोप खाली गेला की खालच्यानं तो शब्दाला शब्द परत म्हणून दाखवायचा. मग गहिनीनाथानं वरच्याला ‘पोचला’ म्हणायचं. तोवर वरच्यानं रिसीव्हर कानाला लावून थांबायचं. पण साहेब माणूस थांबतो होय? एकजण थांबला की मागं चौघं तारेवर ओरडायचे, ‘अरे सोड की लाइन!’ तेव्हा गहिनीनाथानं आपल्या भरवशाच्या डोक्यावर एक तोड काढली. निरोप कानात पडला की तो लगेच म्हणायचा, ‘पोचला म्हणून समजा, साहेब.’ वरचा खूश, तार मोकळी. मग सवडीनं तो खाली कळवायचा. पुढं पुढं ‘म्हणून समजा’ गळून गेलं आणि नुसतं ‘पोचला’ राहिलं. सहादेवाच्या तोंडचा शब्द आपण त्याला न विचारता बोलतोय, हे त्याच्या कधी मनातसुद्धा आलं नाही. सगळे म्हणत, गहिनीनाथासारखा चपळ माणूस साऱ्या कालव्यावर नाही, आणि तेही त्याला खोटं वाटत नसे.

बहात्तरचा दुष्काळ पडला आणि दोन्ही टेलिफोनांना उसंत म्हणून उरली नाही. त्याच साली त्याची लेक विजयमाला ऊसतोडीच्या टोळीबरोबर त्या भागात आली. तिला पाथर्डीकडच्या कोरडवाहू गावात दिली होती. नवरा सूर्यभान, सासू बायडाबाई आणि विजयमालाच्या ओटीत तान्ही पोर. टोळीनं पाचटाच्या कोप्या घातल्या त्या सहादेवाच्या चौकीच्या खाली, थेट नदीच्या वाळूत. त्यालाही कारण होतं. थोड्याच दिवसांपूर्वी खालच्या गावांना प्यायला म्हणून धरणातून नदीत पाणी सोडलं होतं. पाणी वाहून गेलं, पण वाळूत खणलेले झिरे भरले. जिथं पाणी तिथं बाईमाणसाचं बिऱ्हाड.

गहिनीनाथ सायकलवरून नातीला पाहायला गेला तेव्हा त्याचा जीव चरकला. म्हणाला, ‘इहीणबाई, पात्रात ऱ्हाऊ नका. वर काठावर सरका.’

बायडाबाई हसली. ‘पानी येऊन गेलं की इवाई. आता माघारी कशाला येतंय? आन् काठावरनं हंडा कोन व्हाणार, तुमी?’

त्यावर गहिनीनाथानं जे उत्तर दिलं ते त्याच्या स्वभावाला धरून होतं. छाती पुढं काढून तो म्हणाला, ‘बरं. पानी सोडायचं झालं तर पयला निरोप माज्याच कानात येतो. मी हाय तवर काळजी न्हाई.’

लेकीची खुशाली कळावी म्हणून त्यानं आणखी एक गोष्ट केली. सहादेवाच्या चौकीची घंटा बाहेर वळचणीला टांगलेली होती, कालव्यावर फिरताना ऐकू यावी म्हणून. सरकारी निरोपाची खूण म्हणजे तीन लांब घंटा. गहिनीनाथानं लेकीसाठी वेगळी खूण ठरवली, तुटक तुटक, कोंबडी दाणे टिपते तशी. ती वाजली की कोपीतून विजयमाला चढण चढून वर यायची, सहादेव तिच्या हातात रिसीव्हर द्यायचा आणि ती म्हणायची, ‘नाना, पोर आज माज्याकडं बघून हासली.’ एवढंच. खात्याच्या तारेवर एवढा घरचा संसार चालायचा.

त्या दिवशी उन्हं चांगली वर आली होती. धरणावरचा ओव्हरसियर आबासाहेब वरच्या तारेवर आला. ‘गहिनीनाथ, नदीत पाणी सोडतोय. सगळी दारं उचलायचीत. सहादेवाला सांग, पात्र मोकळं कर. त्याला पोचलं की सांग मला, मग उचलतो.’

त्याच वेळी तारेवर कारखान्याचा माणूस खेकसत होता, बंगल्यावरचा खानसामा कोंबडीबद्दल काही विचारत होता. गहिनीनाथाच्या तोंडून सवयीनं शब्द गेला, ‘पोचला, साहेब.’

‘शाब्बास,’ म्हणून आबासाहेबानं रिसीव्हर ठेवला.

गहिनीनाथानं लगेच खालच्या टेलिफोनचं हँडल फिरवलं. तीन लांब घंटा. कुणी उचललं नाही. सहादेव बाहेर गेला असेल, येईल. त्यानं तेवढ्यात कारखान्याचं ऐकून घेतलं, पुन्हा तीन घंटा दिल्या. पुन्हा काही नाही. पाटकऱ्यांचा निरोप घेतला आणि परत हँडल फिरवलं. तिकडं कुठंतरी घंटा वाजत असणार आणि रिकाम्या चौकीत कुणी नाही, हे आता त्याला कळून चुकलं. पण त्यानं स्वतःची समजूत घातली: नदी कोरडी आहे, वाळू तहानलेली आहे, पाणी रांगत रांगत जाईल, दुपार कलल्याशिवाय खाली पोचायचं नाही. तोवर सहादेव येतोच.

मग त्याच्या भरवशाच्या डोक्यानं त्याला हवं नव्हतं तेही पुढं आणून ठेवलं. वाळू तहानलेली नव्हती. आत्ताच तर पाणी येऊन गेलं होतं. भिजलेली वाळू पाणी पीत नाही, पुढं ढकलते. मागच्या वेळी सहादेवच म्हणाला होता, ‘पयल्या पान्याला येळ लागतो, दुसरं पळत येतं.’ ते त्यानं गहिनीनाथालाच तर सांगितलं होतं.

त्यानं वरच्या तारेवर आबासाहेबाला हाक मारली, पण ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं विचारलं, ‘साहेब, दारं किती उचलली म्हनायची?’

‘सगळी. मघाशीच. का रे?’

‘न्हाई, सहज इचारलं.’

रिसीव्हर ठेवला आणि त्याची पाचावर धारण बसली. खरं सांगितलं तर नोकरी जाणार, वर नाव जाणार, सारा कालवा तोंडावर थुंकणार. नाही सांगितलं तर? बायडाबाईचं हसणं त्याच्या डोळ्यांपुढं आलं आणि आपलं ते वाक्य, मी हाय तवर काळजी न्हाई. तरीही माणूस कसा असतो बघा. त्यानं तीन घंटा आणखी एकदा दिल्या, देवाला नवस बोलला, आणखी एकदा दिल्या. भीतीनं माणूस धावतो म्हणतात ते खोटं. तो आधी जागच्या जागी खिळतो, आणि पाणी काही त्याच्यासाठी खिळत नाही.

शेवटी त्यानं वरचं हँडल असं गरगर फिरवलं की धरणावर आग लागली असं वाटावं.

‘साहेब, दारं पाडा. सहादेवाला निरोप गेला न्हाई.’

‘गेला नाही? तूच म्हणालास ना पोचला!’

‘मी म्हनलो. त्यो न्हाई म्हनला. त्यो चौकीत न्हाईच.’

एरवी तारेवर ओरडणारे सगळे गप्प झाले होते, कारण सगळ्यांनी ऐकलं होतं. मग आबासाहेबाचा आवाज आला, आणि त्यात साहेबपण काहीच उरलं नव्हतं. ‘अरे, पाडतो मी दारं. पण सुटलेलं पाणी कसं माघारी आणू? खाली माणसं आहेत का रे पात्रात?’

‘माजी लेक हाय,’ गहिनीनाथ म्हणाला.

तेव्हा कुठं त्याला सुचलं, आणि इतका वेळ सुचलं नाही म्हणून त्यानं पुढं स्वतःला जन्मभर शिव्या दिल्या. कोप्यांतल्या माणसांना घंटा ऐकू येत होती! एवढा वेळ ऐकू येत होती. पण तीन लांब घंटा म्हणजे सरकारची, आपली नव्हे, तिला हात लावायचा नाही, हे त्यानंच लेकीला बजावलं होतं. त्यानं खालचं हँडल धरलं आणि तुटक तुटक फिरवलं. पुन्हा. पुन्हा.

रिसीव्हरमध्ये धाप ऐकू आली. ‘नाना? सहादेवकाका इथं न्हाईत म्हून मीच उचाललं. रागावू नगा.’

‘माले, ऐक. नदीला पानी येतंय. समद्यांना वर काढ. पोर कुठाय?’

‘झोळीत निजलीय. म्हनून तर ठिवून आले.’ मग तिला ते उमगलं. ‘नाना, पोर खाली हाय! गडी समदे फडात, आत्याबाई झिऱ्यावर गेल्यात, सहादेवकाका बी तिथंच हायेत घागर भराया!’

‘पळ,’ तो ओरडला, पण ती आधीच पळाली होती. रिसीव्हर तिच्या हातातून सुटून भिंतीवर आपटला, लोंबकळत राहिला आणि आपटत राहिला.

आता त्या लोंबकळणाऱ्या रिसीव्हरमधून जे ऐकू येईल तेवढंच गहिनीनाथाचं जग होतं. आपणच तिला पोरीपासून वर ओढून आणलं हा विचार त्याच्या काळजात काट्यासारखा रुतला. हाक नसती मारली तर ती पोरीजवळ असती. हाक मारली म्हणून ती वर वाचली असती आणि पोर खाली. कुठूनही विचार केला तरी त्याला पार दिसेना. त्यानं रिसीव्हर कानाशी इतका दाबला की कान दुखायला लागला. लांबून तिची हाळी आली, ‘पानी आलं, पानी आलं’. कुणा बाईचं किंचाळणं आलं. शेळी ओरडली. मग एक आवाज सुरू झाला, मळणीत धान्य ओतताना होतो तसा, आणि तो वाढत गेला. त्यात मग माणसांचे आवाज वेगळे काढता येईनात. गहिनीनाथाच्या डोक्यात वरचे सगळे निरोप गच्च भरलेले होते आणि त्यातला एकही आता त्याला आठवत नव्हता.

रतनबाई भाकरी घेऊन चौकीवर आली तेव्हा नवरा दोन्ही हातांनी रिसीव्हर धरून उकिडवा बसलेला होता. तिनं विचारलं, ‘काय झालं?’ त्यानं तोंडावर बोट ठेवलं. ती माउली काहीच न कळता त्याच्याशेजारी बसली, आणि त्याच्या चेहऱ्याकडं पाहून तिनंही रिसीव्हरजवळ कान नेला.

किती वेळ गेला कोण जाणे. खरखर झाली. कुणीतरी रिसीव्हर उचलला आणि खोकलं.

‘गहिनीबा, मी सहादेव. लांबच्या झिऱ्यात खाली उतरलो हुतो, घंटा ऐकू आली न्हाई. वाळू अंगावं ढासळली, नखं गेली माजी, पन निघालो.’

‘पोर?’

‘तुजी लेक वाचली. इहीण वाचली, कोप्या समद्या गेल्या.’

‘पोर कुठाय सहादेवा?’

‘लेकीच्या काखेत हाय. झोळीसकट वढून काढली. पन पानी प्यालीय. रडंना झालीय.’

गहिनीनाथ तिथंच रिसीव्हर टाकून सायकलवर बसला. पोचला तेव्हा कोप्यांच्या जागी गढूळ पाणी संथ वाहत होतं, आणि काठावर विजयमाला पोरीला पालथी धरून तिच्या पाठीवर थापट्या मारत होती. पोर काळीनिळी पडली होती. त्याच्यादेखत तिनं एकदा ओकारी काढली आणि बारीकसा आवाज केला. रडणं म्हणण्यासारखं ते नव्हतं. बायडाबाईनं इवायाकडं एकदा पाहिलं आणि मान फिरवली. काही बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

प्रकरण मिटलं. ते मिटवण्यात आबासाहेबाचाही लाभ होता, कारण परत म्हणवून न घेता दारं उचलायची खोड त्यालाही लागलेली होती. पण गहिनीनाथ पहिल्यासारखा राहिला नाही. कुणीही निरोप दिला की तो म्हणायचा, ‘थांबा.’ खाली हँडल फिरवायचा, सहादेवाकडून शब्द न् शब्द परत म्हणवून घ्यायचा, आणि मगच वर उत्तर द्यायचा. दुसरा निरोप तोवर घेतच नसे. तारेवर आरडाओरड व्हायची, खानसामा तर शिव्याच द्यायचा. लोक म्हणायला लागले, गहिनीनाथाचं डोकं गेलं. खरं म्हणजे डोकं शाबूत होतं, भरवसा तेवढा गेला होता. रात्री झोपेत तो ‘पोचला, पोचला’ बरळायचा आणि रतनबाई त्याला हलवून जागं करायची.

हंगाम संपला, टोळी गाड्या जुंपून पूर्वेला परत गेली. पोरीची छाती तोवर घरघरतच होती, अंगावरचं दूध पचत नव्हतं. तिकडं तार नाही, टेलिफोन नाही. पावसाळा तोंडावर आला तरी खबर नाही. गहिनीनाथाचा जीव टांगणीला लागला. शेवटी त्या बाजूला बैल विकायला निघालेला पुंजाराम त्याला भेटला. गहिनीनाथानं त्याला हात जोडले. ‘लेकीच्या वस्तीवं जा, पोरीची खबर आन. एवढंच काम.’

पुंजाराम परत आला तो हसतमुखानं. चौकीच्या दारातूनच म्हणाला, ‘पोर बरी हाय. काळजी सोडा.’

रतनबाईनं डोळ्याला पदर लावला. गहिनीनाथ मात्र पुंजारामाकडं पाहत राहिला. ते हसणं, ती घाई, तो गोड आवाज त्याच्या ओळखीचा होता. कुठं ऐकलाय म्हणून त्याला शोधावं लागलं नाही.

‘तू बघितलीस तिला?’

‘म्हंजी... वस्ती आडवाटंला हाय वो. बैलं हुती संगं. पन बरीच असंल की. बरी हाय म्हनून समजा.’

गहिनीनाथानं त्याची कॉलर धरली. पुंजाराम घाबरून मागं सरला, पण त्यानं मारलं नाही. हात आपोआप सैल पडला. चांगुलपणानंच बोलला होता बिचारा, एका माणसाचा जीव हलका व्हावा म्हणून. गहिनीनाथ उंबऱ्यावर बसला. मागं वरचा टेलिफोन वाजत होता. त्यानं तो उचलला नाही. सदरा चढवला, रतनबाईनं घाईनं बांधलेली भाकरी घेतली आणि सायकल काढली.

पाथर्डीच्या पुढं रस्ता संपला तिथं सायकल हातात घेऊन तो चालत निघाला. वस्ती दिसली तशी चाल मंदावली. अंगणात कुणी नव्हतं. दार उघडं होतं, आतून काही ऐकू येत नव्हतं. अंगणाच्या कडेला बाभळीजवळ तो उभा राहिला. पुढं जायचा धीर होईना. इतका उतावीळ होऊन आलेला माणूस, शेवटची चार पावलं टाकायला तयार होईना, कारण जोवर आत गेलो नाही तोवर पोर आहेही आणि नाहीही, आणि ‘नाही’ ऐकायची त्याची ताकद नव्हती.

तेवढ्यात आत पोरीनं भोकाड पसरलं. चांगलं खणखणीत, वस्ती डोक्यावर घेणारं.

विजयमाला तिला कडेवर घेऊन दारात आली आणि बापाला पाहून थबकली. ‘नाना? असं अवचित? काय झालं? ह्ये बघा, नुसती रडतीय, दात येत्यात हिला.’

गहिनीनाथानं सायकल तशीच आडवी टाकली. पोरीला घेतलं, तिच्या छातीला आपला कान लावला आणि ती लाथा झाडत असताना बराच वेळ ऐकत राहिला. घरघर नव्हती. तरी त्यानं कान काढला नाही. विजयमालानं विचारलं, ‘नाना, काय करताय?’ तर तो म्हणाला, ‘थांब. मी माज्या कानानं ऐकतोय.’